समुद्राचे कृष्णधवल फोटो: निळा स्लायडर ओढला की आभाळ फुटतं, फेस सपाट होतो

ओहोटी

नमस्कार मंडळी. खडकाळ किनाऱ्याचे फोटो कृष्णधवल करतोय. मूळ फाइली रॉ (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद), आयएसओ १००, एफ/११. काही फोटो अर्ध्या सेकंदाचे, काही दहा स्टॉपचा एनडी (प्रकाश अडवणारा गडद फिल्टर) लावून ९० सेकंदांचे. रूपांतर लाइटरूममध्ये, पुढचं काम फोटोशॉपमध्ये. खालील गोष्टींवर अडलंय:

१. आभाळ गडद करायला कृष्णधवल मिक्सरमधला (मूळचा कोणता रंग किती उजळ वा गडद करडा व्हावा ते ठरवणारे स्लायडर) निळा स्लायडर उणे ७०-८० पर्यंत नेला की आभाळात डागाडागांची खरखर दिसते.
२. त्याच वेळी खडक आणि आभाळ यांच्या सीमेवर बारीक पांढरी रेघ उमटते.
३. फुटणाऱ्या लाटेचा फेस एकतर पांढराफटक ठिगळासारखा दिसतो, नाहीतर हायलाइट उणे १०० केल्यावर मळक्या पाण्यासारखा.
४. ढगाळ दिवसाच्या फोटोंत समुद्र आणि आभाळ एकाच करड्या रंगाचे होतात, क्षितिज हरवतं. तिथे मिक्सरचे स्लायडर हलवले तरी काही फरक पडत नाही.

प्रीसेट नकोत. काय का बिघडतं ते कळलं तर हवंय.

---

करडीछटा

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. मिक्सरमधला निळा स्लायडर पिक्सेल किती उजळ आहे ते बघत नाही, तो कोणत्या रंगाचा आहे ते बघतो. आभाळात शेजारशेजारचे दोन पिक्सेल डोळ्याला सारखेच निळे दिसतात, पण रंगाच्या नॉइजमुळे (सेन्सरच्या नोंदीतल्या विस्कळीत चुकांमुळे) एक किंचित आकाशीकडे झुकलेला असतो, दुसरा किंचित जांभळ्याकडे. तुम्ही फक्त निळा उणे ८० केला आणि आकाशी व जांभळा शून्यावरच ठेवले, तर हे दोन पिक्सेल वेगवेगळ्या प्रमाणात काळे होतात. म्हणजे जो नॉइज आधी फक्त रंगात होता तो आता उजळपणात उतरला. आयएसओ १०० असूनही खरखर दिसते ती यामुळे.

त्यात भर म्हणजे निळं आभाळ गडद करायचं तर सगळी भिस्त लाल चॅनेलवर येते (फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलचा बनलेला असतो), आणि निळ्या आभाळात लाल चॅनेलपर्यंत मुळात प्रकाशच कमी पोचलेला असतो. नेहमीच्या बायर सेन्सरवर निम्मे फोटोसाइट (प्रकाश टिपणारे कप्पे) हिरवे, पाव लाल, पाव निळे. उरलेले दोन रंग प्रत्येक पिक्सेलला शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरून घ्यावे लागतात. अशक्त चॅनेलला ताणलं की तो फुटणारच.

म्हणून मिक्सरला हात लावण्याआधी हे करून घ्या. रंगाचा नॉइज काढा: लाइटरूममध्ये कलर २५ असतोच, निळ्या आभाळासाठी ४०-५० पर्यंत न्या आणि त्याखालचा स्मूदनेसही वाढवा. लेन्स प्रोफाइल लावा आणि क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन काढा. हे दुसरं तुमच्या पांढऱ्या रेघेसाठी आहे. खडकाच्या कडेवरच्या पिक्सेलमध्ये खडकाचा तपकिरी आणि आभाळाचा निळा मिसळलेला असतो, वर लेन्सची जांभळी-हिरवी किनार. ते पिक्सेल पुरेसे निळे नसतात, म्हणून निळा स्लायडर त्यांना सोडून देतो. बाकी आभाळ काळं पडलं आणि कडेची एक-दोन पिक्सेलची पट्टी मूळ उजेडातच राहिली, की झाली रेघ. ती नंतर शार्पनिंगने आणखी ठळक होते.

मग मिक्सर. शेजारच्या स्लायडरमध्ये २०-२५ पेक्षा जास्त अंतर ठेवू नका. उदाहरणार्थ निळा उणे ४०, आकाशी उणे २५, जांभळा उणे २०. जो गडदपणा कमी पडेल तो आभाळाच्या मास्कने (बदल फक्त आभाळापुरता ठेवणाऱ्या निवडीने) द्या: एक्स्पोजर उणे ०.५ ते ०.८. एक्स्पोजर तिन्ही चॅनेलना सारखंच खाली आणतं, त्यामुळे डाग पडत नाहीत. मात्र आपोआप बनलेला आभाळाचा मास्क खडकाच्या खाचाखोचांत चुकतो. २०० टक्क्यांवर कडेने एक फेरी मारून तपासाच.

एक सवय लावून घ्या. रूपांतरापूर्वी फोटोशॉपमध्ये रंगीत फोटोचे तिन्ही चॅनेल एकेक करून बघा. लाल चॅनेल म्हणजे साधारण फिल्मवर लाल फिल्टर लावल्यासारखं चित्र: आभाळ आणि खोल पाणी गडद, वाळू आणि तपकिरी खडक उजळ. निळ्यात आभाळ पांढरंफटक आणि धुकं सर्वांत जास्त. १९ व्या शतकातल्या कलोडियनच्या (प्रकाशाला दाद देणारा लेप लावलेल्या, फिल्मच्या आधीच्या) काचा जवळपास फक्त निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच दाद देत, म्हणून त्या काळच्या समुद्रचित्रांत आभाळ कोरं यायचं. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे १८५० च्या दशकात आभाळ आणि समुद्र यांच्या वेगळ्या निगेटिव्ह क्षितिजावर जोडून प्रिंट काढत असे, ते याच अडचणीवर तोड म्हणून. आपल्याकडे तिन्ही चॅनेल एकाच फाइलमध्ये आहेत. कोणता चॅनेल कुठे चांगला दिसतो ते आधी कळलं, की स्लायडर आंधळेपणाने ओढावे लागत नाहीत.

जेपेगवर हे काम करू नका. बऱ्याच जेपेगमध्ये रंगाची माहिती उभी-आडवी निम्म्या रिझोल्यूशनने साठवलेली असते. मिक्सर त्या रंगावरच चालतो, त्यामुळे आभाळात चौकोनी ठोकळे दिसू लागतात आणि ते कशानेही जात नाहीत.

---

कातळकडा

फेसाबद्दल लिहितो, कारण समुद्राच्या फोटोत सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

फेस पांढरा दिसतो तो त्याच्या शेजारी गडद पाणी असतं म्हणून. अख्खा फेस पांढरा करायचा नसतो. ०-२५५ च्या मापात बोलायचं तर फेसाचा बराचसा भाग १९० ते २३५ मध्ये राहू द्या आणि अगदी थोडे ठिपके, लाटेचा तुटणारा माथा, उन्हातले थेंब, एवढेच २४५-२५० ला पोचू द्या. लाइटरूमच्या हिस्टोग्रामखाली टक्के दिसतात, तिथे ९६-९८. मग ठिगळ वाटत नाही.

तुमचा फेस सपाट होण्याचं कारण बहुधा एस आकाराचा कर्व्ह (मूळची कोणती छटा किती उजळ करायची ते ठरवणारी रेघ) आहे. कॉन्ट्रास्टसाठी आपण मधला भाग उभा करतो, त्याची किंमत वरच्या आणि खालच्या टोकाला मोजावी लागते. तिथे कर्व्ह आडवा पडतो. फेसाचे सगळे तपशील नेमके त्या वरच्या आडव्या भागात असतात. कर्व्ह आडवा म्हणजे दोन जवळच्या छटांमधलं अंतर मिटलं. हायलाइट उणे १०० हा त्यावर उपाय नाही, तो अख्खा फेस खाली ओढतो आणि वरचं टोक रिकामं ठेवतो, म्हणून पाणी मळकट दिसतं.

त्याऐवजी असं करा. हायलाइट उणे २५-३५ वर थांबवा. व्हाइट्स अल्ट की दाबून वाढवा, पहिले एक-दोन ठिपके दिसले की थांबा. मग फक्त लाटेवर ल्युमिनन्स रेंजचा (उजळपणानुसार निवडणारा) मास्क घ्या, साधारण ७० ते १००, आणि त्यात पॉइंट कर्व्हचा वरचा भाग उभा करा: ७५ टक्क्यांवरचा बिंदू ७० वर आणा, ९५ चा तिथेच ठेवा. फेसातल्या जाळ्या, पोकळ्या, पाण्याच्या दोऱ्या लगेच वेगळ्या होतात. क्लॅरिटी त्या मास्कमध्ये १०-१५ पुरे. टेक्स्चर जास्त दिलं की फेस साखर सांडल्यासारखा दिसतो.

फोटोशॉपमध्ये हेच करायचं तर चॅनेल पॅलेटमध्ये आरजीबीच्या चौकटीवर कंट्रोल दाबून क्लिक करा, उजळ भागाची निवड मिळते. कंट्रोल, अल्ट आणि शिफ्ट तिन्ही दाबून पुन्हा क्लिक केलं की ती निवड स्वतःशीच छेदून आणखी अरुंद होते. दोनदा केलं की बहुधा फक्त फेस आणि उजळ ढग उरतात. ढग काळ्या ब्रशने मास्कमधून पुसून टाका. या मास्कला फेदर लावायची गरज नसते, छटांनुसार तो आपोआप विरत जातो.

अर्थात रॉमध्येच फेस जळालेला असेल तर यातलं काही उपयोगाचं नाही. तिन्ही चॅनेल कापले गेले असतील तर त्या जागी काहीच नाही. एखादाच चॅनेल गेला असेल तर हायलाइटने थोडं परत येतं.

आता ९० सेकंदांचे फोटो. तिथे फेस नसतोच, धुकं असतं. त्यात तपशील शोधत कॉन्ट्रास्ट वाढवत बसलात तर फक्त नॉइज आणि पट्टे हाती लागतील. त्या फोटोत पाणी म्हणजे एक उजळ आकार आहे, खडकाच्या पायथ्याशी तो किती हळू विरतो एवढंच सांभाळायचं. पाण्यावर क्लॅरिटी उणे १५-२० चालते. शार्पनिंग तिथे शून्य: मास्किंग स्लायडर अल्ट दाबून ७०-८० पर्यंत न्या, पाणी आणि आभाळ पूर्ण काळं दिसलं पाहिजे. हॉट पिक्सेलही (उगाच चमकणारे एकेकटे ठिपके) याच फोटोंत जास्त येतात. ते शार्पनिंगच्या आधी काढा, नाहीतर प्रत्येकाभोवती एक कडं तयार होतं.

आणि ओल्या खडकाचं एक सांगायचंच आहे, तुम्ही विचारलं नसलं तरी. शॅडोज ६०-७० ने वर उचलू नका. खडक ओला दिसतो तो अंग गडद आणि त्यावर बारीक चकाकणारे ठिपके असल्यामुळे. शॅडो उचलल्या की अंग करडं होतं, चकाकी त्यात बुडते आणि खडक सुकल्यासारखा दिसतो. खडकाचं अंग ८ ते १५ टक्क्यांत राहू द्या, भेगा पूर्ण काळ्या झाल्या तरी चालतील, आणि उजळ ठिपक्यांवर लहान ब्रशने, फ्लो ५ टक्के ठेवून, दोन-तीन हात फिरवा.

---

ढगाळ

चौथ्या प्रश्नाबद्दल. ढगाळ दिवशी मिक्सर चालत नाही, कारण मिक्सरला रंग लागतो आणि अशा फोटोत रंग जवळजवळ नसतो. करडीछटा यांनी सांगितलेलं निळ्या-आकाशीचं गणित उन्हातल्या फोटोसाठी बरोबर आहे; इथे मात्र आधी व्हाइट बॅलन्सशी (फोटोची एकूण निळी-पिवळी झाक ठरवणाऱ्या मापाशी) खेळा. कृष्णधवल फोटोत व्हाइट बॅलन्स बरोबर असण्याची सक्ती नाही. टेम्परेचर अशा जागी आणा की आभाळ किंचित निळं आणि खडक-वाळू किंचित पिवळी-नारिंगी पडेल. रंगीत फोटोत बघूनच ठरवा, मग कृष्णधवल करा. आता नारिंगी आणि निळा स्लायडर दोघांना वेगळं करू लागतील. फरक लहानच असेल, पण फोटो जिवंत व्हायला तो बऱ्याचदा पुरतो.

क्षितिजासाठी मात्र हे पुरणार नाही, तिथे मास्कच लागेल. समुद्राच्या लाटांचे आपल्याकडचे उतार क्षितिजावरचं नव्हे, तर त्याहून बऱ्याच वरचं आभाळ परावर्तित करतात, आणि ते सहसा क्षितिजाजवळच्या आभाळापेक्षा गडद असतं. म्हणून डोळ्याला समुद्राची रेघ आभाळापेक्षा जराशी गडद बघायची सवय आहे. आपण वरून ग्रॅज्युएटेड फिल्टर (एका बाजूला हळूहळू विरत जाणारा मास्क) ओढतो, तो क्षितिजापर्यंत येतो, आणि आभाळ खाली येऊन समुद्राच्या छटेला भिडतं. तिथेच क्षितिज हरवतं. ग्रॅज्युएट क्षितिजाच्या बराच वर, आभाळाच्या साधारण मध्यावर संपवा. मग समुद्रासाठी उलट दिशेने, क्षितिजाला चिकटून एक अरुंद मास्क घ्या आणि उणे ०.२ ते ०.३ स्टॉप द्या. वरची कड जवळजवळ तीक्ष्ण हवी, खालची लांब विरणारी. एवढ्याने रेघ परत येते आणि कुणाला कळतही नाही की काही केलंय.

खडक क्षितिजाच्या वर येत असेल तर ग्रॅज्युएट त्याचा माथाही काळा करतो. त्या मास्कमधून ल्युमिनन्स रेंजने गडद भाग वजा करा.

डीहेझ (धूसरपणा कमी करणारा स्लायडर) जपून वापरा. ढगांत १०-१५ ठीक. ३० च्या पुढे दूरची हवा निघून जाते. किनाऱ्याच्या फोटोत खोली दाखवते ती हीच खारट, दमट हवा, तिला पूर्ण पुसणं म्हणजे दूरचा सुळका जवळ आणून ठेवणं.

---

ओहोटी

फारच उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. निळा उणे ४० आणि आभाळाच्या मास्कमध्ये उणे ०.७ ठेवलं, खरखर गेली. रेघ नव्वद टक्के गेली, एका सुळक्याच्या कडेला अजून आहे. फेसाचा कर्व्ह तर जादू आहे.

आता दोन नवीन गोष्टी. ९० सेकंदांच्या फोटोत आभाळ गडद केल्यावर वरच्या कोपऱ्यांत पट्टे दिसतात, आणि डाव्या बाजूचं आभाळ उजव्यापेक्षा बरंच काळं आहे (पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आभाळ गडद करणारा फिल्टरही, लावलेला होता). दुसरं, मॅट कागदावर प्रिंट काढली तर खडक नुसता काळा गोळा आला, स्क्रीनवर मात्र सगळं दिसतं.

---

करडीछटा

उरलेली रेघ हाताने काढा. नवा रिकामा लेयर घ्या, ब्लेंड मोड डार्कन ठेवा, क्लोन ब्रश ५-८ पिक्सेलचा, आणि अगदी शेजारच्या आभाळातून नमुना घेऊन कडेने फिरवा. डार्कन मोडमध्ये ब्रश फक्त आभाळापेक्षा उजळ असलेली रेघच झाकतो, गडद खडकाला धक्का लागत नाही.

काळं-उजळ आभाळ ही पोलरायझरची करणी. सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात त्याचा परिणाम सर्वाधिक असतो, आणि रुंद लेन्समध्ये तो पट्टा आणि त्याबाहेरचं आभाळ दोन्ही मावतात. त्यावर निळा स्लायडर खाली ओढला की फरक दुप्पट वाटतो, कारण पोलरायझरने जिथे गडद केलं तिथे निळा रंग जास्त गाढही झालेला असतो. या एका फोटोत निळा उणे १५ वर आणा आणि काळ्या बाजूला आडवा ग्रॅज्युएट घालून अधिक ०.४ वगैरे देऊन समतोल साधा. पुढच्या वेळी २४ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर मोकळं आभाळ असेल तर पोलरायझर काढून ठेवा.

पट्ट्यांसाठी आधी बघा की फोटोशॉपमध्ये फाइल १६ बिटची गेली आहे ना. ८ बिटमध्ये एकूण २५६ पायऱ्या. आभाळाचा उतार त्यातल्या २५-३० पायऱ्यांत बसलेला असतो, कर्व्हने ताणला की पायऱ्या उघड्या पडतात. १६ बिट असूनही पट्टे दिसत असतील तर १०० टक्के झूमवर पुन्हा तपासा, कधीकधी ते फक्त स्क्रीनचे असतात. शेवटी ८ बिट जेपेग काढायच्या आधी ग्रेन घाला: लाइटरूममध्ये अमाउंट १२-१८, साइज २५, फोटोशॉपमध्ये अ‍ॅड नॉइज १ ते १.५ टक्के, गॉसियन, मोनोक्रोमॅटिक. ग्रेन पायऱ्यांची कड मोडतो. फक्त आभाळावर घालू नका, खडक गुळगुळीत आणि आभाळ रवाळ असं विचित्र दिसतं.

सेन्सरवरच्या धुळीचे डाग कॉन्ट्रास्ट वाढवल्यावरच दिसतात, आणि एफ/११ ला ते दिसणारच. सर्वांत वर एक तात्पुरता उभा कर्व्ह ठेवा, डाग काढून झाले की तो लेयर फेकून द्या.

---

शाईकागद

मॅट कागदाचा काळा रंग स्क्रीनइतका काळा नसतो. चांगल्या मॅट कागदाची कमाल घनता १.६ ते १.७ च्या आसपास, बरायटा किंवा चकचकीत कागदाची २.२ च्या वर. घनता १.६ म्हणजे काळ्या जागेवरूनही अडीच टक्के प्रकाश परत येतो, २.३ असेल तर अर्धा टक्का. तुमच्या खडकातल्या ८ ते १५ टक्क्यांच्या छटा (हे टक्के फाइलमधले, परत येणाऱ्या प्रकाशाचे नव्हेत) मॅटवर या अडीच टक्क्यांच्या अगदी अंगाशी येऊन चिकटतात, म्हणून गोळा.

दुसरं कारण स्क्रीनचा उजेड. बरेच स्क्रीन २०० कॅन्डेला किंवा त्याहून वर असतात. प्रिंटसाठी ८० ते १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरवर आणा, खोलीत मंद उजेड ठेवा. तसं केलं की खडक स्क्रीनवरही काळा दिसेल आणि दुरुस्ती कुठे हवी ते आपोआप कळेल.

मग त्या कागदाचं प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कशी दिसेल त्याचा स्क्रीनवरच अंदाज) करा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू, कागद आणि शाईचा आभास चालू. फोटो एकदम निस्तेज दिसेल, ते बरोबरच आहे. प्रिंटसाठी वेगळी प्रत काढा आणि तीत फक्त कर्व्हचा खालचा चतुर्थांश उचला: १० टक्क्यांचा बिंदू १५ वर, २५ चा २८ वर, ५० च्या वर काही हलवायचं नाही. कातळकडा यांनी शॅडो उचलू नका म्हटलंय ते स्क्रीनवरच्या चित्रासाठी योग्यच आहे. इथे आपण खडक उजळ करत नाही, कागदाने गिळलेली छटा परत देतोय. चकाकणारे ठिपके मात्र तसेच ठेवा, ओलेपणा कागदावरही त्यांच्यावरच टिकतो.

चकचकीत कागदावर काढणार असाल तर फेसाचा सर्वांत उजळ ठिपकाही २५० च्या खाली ठेवा. २५५ म्हणजे त्या जागी शाईच पडत नाही, आणि पिगमेंट शाईच्या प्रिंटरवर ती कोरी जागा तिरक्या उजेडात वेगळ्या चमकीने उठून दिसते.

पूर्ण आकाराची प्रिंट लगेच काढू नका. खडक, फेस आणि क्षितिज येईल अशी आडवी पट्टी कापून तीच तीन वेगवेगळ्या कर्व्हनी छापा. शाई सुकू द्या, मॅटवर ओल्या प्रिंटचा काळा आणि सुकल्यानंतरचा काळा यांत फरक पडतो. दुसऱ्या दिवशी, जिथे प्रिंट टांगायची त्या भिंतीवरच्या उजेडात तिन्ही पट्ट्या शेजारी लावून बघा, आणि जिच्यात खडकाच्या भेगा आणि अंग वेगळे ओळखू येतात तिचा कर्व्ह घ्या.

---

ओहोटी

स्क्रीन मोजला, १८० कॅन्डेला होता. ९० वर आणला आणि खडकाचा गोळा खरंच स्क्रीनवरच दिसायला लागला. आज तीन पट्ट्या छापतोय: १० चा बिंदू १३, १५ आणि १८ वर.

---

शाईकागद

१८ ची पट्टी बघताना क्षितिजाजवळच्या पाण्यावर नजर ठेवा. पाणी गडद असेल तर तेही खडकाबरोबर उचललं जाईल आणि ढगाळ यांनी सांगितलेली रेघ पुन्हा पुसट होईल. तसं झालं तर कर्व्हला फक्त खडकाचा मास्क लावा.